सुतकातला ठसा

प्रागच्या जुन्या चौकाजवळ नोटा बदलून देणारी एकच खिडकी उरली होती आणि तिच्यासमोर रुक्साना मन्यार कमरेवर हात ठेवून उभी होती. आत बसलेल्या गृहस्थाला बिचाऱ्याला कल्पना नव्हती, की आपली गाठ करमाळ्याच्या बाजारात तीस वर्षं बांगड्या विकलेल्या बाईशी पडली आहे.

“कमिशन शून्य म्हणं!” रुक्साना पाटीकडे बोट दाखवून म्हणाली. कानात बसवलेला दुभाषा तिचं बोलणं चेक भाषेत करून खिडकीआड पोचवत होता. “आमच्याकडं बी डझनावर डझन फुकट असतंय, दादा. आधी भाव दुप्पट लावायचा, मग फुकट द्यायचं. तुमचा विकायचा भाव एवढा मोठा लिहिलाय, आन् आमच्याकडनं घ्यायचा भाव खाली मुंगीएवढा. चष्मा लागला म्हणून काय झालं, दिसतंय मला.”

गृहस्थाने मुकाट्याने भाव थोडा सुधारला. रुक्सानाने शंभर युरोची नोट पुढे सरकवली. ती नोट परकराच्या चोरखिशातून काढण्याचाही एक सोहळाच झाला होता. नोट काढायला स्वच्छतागृहात जावं, तर स्वच्छतागृहाच्या दारातच आधी नाणं मागत होते.

“नाव तरी बघ इथल्या पैशाचं. कोरुना!” मिळालेल्या नोटा मोजत रुक्साना म्हणाली. “ह्याच नावापायी एका साली दुकानाला किती दिवस कुलूप होतं, आठवतंय ना? अन् आता हौसेनं विकत घेतोय.”

तिच्यामागे उभ्या असलेल्या उज्ज्वला कोळपकरला हसू आवरेना. साडीवर स्वेटर, पायात बूट, तोंडाला पदर, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. असं हसू तिला किती दिवसांत आलं नव्हतं, हे तिच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं.

ते लक्षात आलं तिच्या हातातल्या बँकेच्या कड्याच्या. शेजारच्या टपरीवर तिने दोन कॉफ्या घेतल्या आणि पैसे द्यायला मनगट यंत्रापुढे धरलं. कडं दोनदा थरथरलं आणि तिच्या कानात गोड आवाजात मराठीतून बोललं, “तुमच्या सुरक्षेसाठी हा व्यवहार थांबवला आहे. आपण कुणाच्या दबावाखाली आहात का?”

“दबाव कसला?” उज्ज्वला म्हणाली. “मी हसतेय!”

“नोंद घेतली आहे. या प्रवासातला हा पहिला विसंवाद आहे.”

कॉफीचे पैसे रुक्सानाने आपल्या कार्डाने दिले. यंत्राने तिला विचारलं, रुपयांत देणार की कोरुनात? रुक्सानाचं बोट रुपयांकडे निघालं होतं.

“इथल्या पैशात दे गं,” उज्ज्वला म्हणाली. “रुपयांत म्हटलंस की मनाला येईल तो भाव लावणार ते. सोय म्हणून विचारतात आणि सोयीचे पैसे घेतात.”

ही अक्कल तिला मुकुंदने शिकवली होती. मुकुंद तिचा नवरा. आयुष्यात कधी परदेशी गेला नाही, पण परदेशात पैसे कसे द्यावेत याची एक वही त्याने भरून ठेवली होती.

*

करमाळ्यात भर बाजारपेठेत कोळपकरांचं बांगड्यांचं दुकान आणि समोर रस्ता ओलांडला की मन्यारांचं. तीस वर्षं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. तीन वर्षांपूर्वी मुकुंद गेला. त्यानंतर काही घरांतल्या बायका लग्नाचा चुडा उज्ज्वलाच्या हातून भरून घ्यायला कचरू लागल्या. तोंडाने कुणी बोललं नाही. नवरीच्या मावश्या फक्त इकडेतिकडे बघत राहायच्या. काळ बदलला म्हणतात, पण तो सगळ्यांचा एकदम बदलत नाही. मग रुक्साना रस्ता ओलांडून यायची, उज्ज्वलाच्याच दुकानातला चुडा उज्ज्वलाच्याच गादीवर बसून भरून द्यायची आणि चहा पिऊन जायची. भांडण कधी संपलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

मुकुंदच्या पणजोबांच्या वेळची एक हिरवी बांगडी घरात होती, कापसात गुंडाळून डबीत ठेवलेली. त्या काळी विलायती बांगडी आगबोटीने मुंबईला यायची आणि तिथून गावोगाव जायची. ती कुठे बनायची याचा मुकुंदने छडा लावला होता. याब्लोनेत्स, चेक देशातलं डोंगरातलं गाव. तिथे शेवटची एक कार्यशाळा अजून तसल्या बांगड्या करते, हेही त्याने शोधलं होतं. ‘तो हिरवा रंग पुन्हा करून घ्यायचा आणि आपल्या दुकानातून विकायचा,’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. आता ती कार्यशाळा बंद होणार असल्याचं कळलं तेव्हा उज्ज्वलाने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने तिकीट काढलं. सोबत रुक्साना.

मेलबर्नला असलेल्या मुलाला, तन्मयला, हे फारसं रुचलं नव्हतं. त्याचं म्हणणं दुकान विकून आईने त्याच्याकडे यावं. मुलगा वाईट नव्हता. आईची काळजी करायची त्याची पद्धत तेवढी लांबून होती.

*

कॉफी पिऊन झाल्यावर उज्ज्वलाने बँकेच्या मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडे अन्वी नावाची पुण्याची मुलगी होती आणि ती समजावून सांगणारी निघाली, हे नशीब.

“काकू, आपलं हृदय घड्याळासारखं टिकटिक करत नाही,” अन्वी म्हणाली. “दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी किंचित वेगळं असतं. श्वास घेतला की ठोके जवळ येतात, सोडला की लांब जातात. माणूस निवांत असला की हा चढउतार मोकळा असतो, धास्तावला की सपाट होतो. प्रत्येकाची चाल वेगळी. कडं ती चाल बारा दिवस ऐकतं आणि तुमचा ठसा बनवतं. सही खोटी करता येते, ही चाल नाही करता येत.”

“मग माझी चाल मीच खोटी कशी करीन?”

“तसं नाही. पूर्वी फोनवरून धाक घालून लोकांना लुबाडायचे, आठवतंय ना? माणूस खरा, बोट खरं, गुप्त आकडा खरा. फक्त पलीकडून कुणीतरी पोलीस आहोत म्हणून घाबरवत असायचं. त्यामुळे नियम आला. हृदय नेहमीसारखं चालत नसेल तर पैसे सोडायचे नाहीत. तुमचा ठसा...” अन्वी थांबली. “काकू, तुमचा ठसा फार सपाट आहे. आणि मघाशी तुमचे ठोके खूप मोकळे पडत होते. कड्याला वाटलं, हातात दुसरंच कुणीतरी आहे.”

“ठसा कधीचा आहे?”

“तीन वर्षांपूर्वीचा. नऊ जून ते वीस जून.”

उज्ज्वला बाकावर बसली. मुकुंद सात जूनला गेला होता.

तिला सगळं आठवलं. तन्मयचं परतीचं तिकीट पंधराव्या दिवसाचं होतं. परगावी असलेल्या मुलांची सगळी घरं करतात तेच त्यांनी केलं होतं. तेराव्याच्या आत मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, खात्यावर नाव लावणं, सगळं उरकून घेतलं. पुन्हा कुठे रजा मिळणार? तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, बँकेचा माणूस घरीच आला. दोन दिवसांपूर्वी जिथल्या बांगड्या वाढवल्या होत्या त्याच मनगटात त्याने कडं अडकवलं. बारा दिवस ते तिचं काळीज ऐकत होतं. ती जमिनीवर झोपत होती, येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत सांगत होती. कड्याने ठरवलं, ही बाई अशीच.

“पण तीन वर्षं तर बिनतक्रार चाललं,” ती म्हणाली.

“ठसा रोज केसभर सरकतो, काकू. तेवढ्यात भागत असेल तर अडत नाही.” अन्वीचा आवाज हळू झाला. “म्हणजे तीन वर्षांत तुम्ही... तेवढ्या बाहेर कधी गेलाच नसाल.”

तीन वर्षांत आपण एकदाही मनापासून खूश झालो नाही, हे उज्ज्वलाला असं परमुलखात, एका बँकेकडून कळलं.

उपाय दोन होते. भारतात परतून पुन्हा बारा दिवसांचा ठसा द्यायचा. नाहीतर वारसाने, म्हणजे तन्मयने, तिकडून संमती दिली तर जागच्या जागी अकरा मिनिटांत नवा ठसा. कसाही केला तरी जुना ठसा कायमचा पुसला जाणार होता. “आणि एक लक्षात ठेवा,” अन्वी म्हणाली. “एका प्रवासात तीन विसंवाद झाले की खातं आपोआप वारसाच्या ताब्यात जातं. संरक्षण म्हणून. परत मिळवायला वर्ष-दीड वर्ष जातं.”

दुकानाचा सगळा कारभार त्याच खात्यावर चालत होता; वर्ष-दीड वर्षात तन्मय दुकान विकून मोकळा झाला असता. तेही आईच्या भल्यासाठीच.

*

“पोराला फोन कर आन् मोकळी हो,” रुक्साना म्हणाली.

“करते,” उज्ज्वला म्हणाली आणि केला नाही. तन्मय म्हणणार, बघ, मी सांगत होतो, एकटी जाऊ नकोस. ही एक भीती होती. दुसरी तिने रुक्सानालाही सांगितली नाही. मुकुंदचे कपडे तिने वाटून टाकले होते, चष्मा दवाखान्यातच राहिला होता. त्या बारा दिवसांचं दुःख मात्र जसंच्या तसं या कड्यात होतं. ते पुसायला मन तयार होईना.

मग तिने तिसराच उपाय काढला. संध्याकाळी जेवणाचे पैसे देताना तिने डोळे मिटले आणि सोलापूरच्या दवाखान्यातला तो लांब व्हरांडा आठवला. डॉक्टर दार ढकलून बाहेर आले, हातमोजे काढत होते आणि तिच्याकडे बघत नव्हते. कडं गप्प राहिलं आणि पैसे गेले.

असा तो पुढचा दीड दिवस गेला. सूप घ्यायचं तर व्हरांडा आठवायचा. ट्रॅमच्या तिकिटाला अंगणातली तिरडी. नातवाच्या टोपीला मुकुंदचे थंड पाय. रुक्साना मुलीच्या लग्नासाठी काचेचं झुंबर घेऊन आपली परदेशातली खर्चाची सगळी मर्यादा पहिल्याच दिवशी उडवून बसली होती, तेव्हा तिच्याकडून फार तर चहापाणी निघालं असतं. प्रत्येक वस्तूची किंमत उज्ज्वला दोनदा देत होती.

“हे काय चाललंय तुझं?” रुक्सानाने विचारलं. “पैसे द्यायची वेळ आली की सुतक पाळल्यासारखं तोंड करतीस.”

“तेच करतेय,” उज्ज्वला म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

रुक्सानाने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

“मुकुंदभाऊ वरनं बघत असतील तर डोक्याला हात लावला असंल त्यांनी,” ती म्हणाली. “हौसेनं बायको परदेशी आली, आन् सूप प्यायला बी त्यांना मारतीय.”

*

शुक्रवारी सकाळी बसने त्या याब्लोनेत्सला पोचल्या. कार्यशाळा म्हणजे टेकडीच्या उतारावरची एक कौलारू पडवी होती. याना नावाच्या सत्तरीच्या बाई तिथे एकट्या काम करत होत्या. भट्टीत तापलेली काचेची कांडी त्या चिमट्याने ओढत आणि फिरत्या लोखंडी शंकूवर गुंडाळत. एक वेढा, एक बांगडी. उज्ज्वलाने आयुष्यात लाखो बांगड्या हाताळल्या होत्या, पण बांगडी जन्माला येताना ती पहिल्यांदा बघत होती.

तिने डबी उघडून पणजोबांची बांगडी पुढे ठेवली. यानाबाईंनी ती उजेडात धरली, उठल्या आणि भिंतीवरचा नमुन्यांचा जुना फळा काढून आणला. त्यावर तारेने बांधलेल्या शंभरेक बांगड्यांत सातव्या ओळीत तोच हिरवा होता. पोपटी म्हणावा तर गर्द, आणि गर्द म्हणावा तर आतून उजेड येणारा.

“हीच! अगं हीच!” रुक्साना ओरडली आणि तिच्या हातातली एक नवीन बांगडी खाली पडली.

“फुटली,” यानाबाई म्हणाल्या.

“फुटली नाही म्हणायचं, बाई,” रुक्सानाने घाईने सांगितलं. “वाढली म्हणायचं.”

दुभाष्याने ते भाषांतर कसं केलं कोण जाणे, यानाबाई खो खो हसल्या. उज्ज्वलाही हसली. मुकुंद इथे असता तर त्याने त्या फळ्यापुढे मांडीच ठोकली असती, असं तिच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे त्या विचाराने दुखलं नाही.

यानाबाईंनी परिस्थिती सांगितली. भट्टी आज संध्याकाळी कायमची विझणार. त्या हिरव्या काचेच्या कांड्या साठ डझनांपुरत्या शिल्लक आहेत. दोन वाजता दिव्यांचा एक व्यापारी त्या न्यायला येणार आहे. त्याच्याआधी आगाऊ रक्कम जमा झाली तर त्या बांगड्याच करतील. कांड्या दिव्यांत वितळवल्या जाव्यात असं त्यांनाही वाटत नव्हतं. रोख चालली असती, पण कायद्याने पाचशे कोरुनांवर रोख घेता येत नव्हती. दोघींचे चोरखिसे उलटे केले असते तरी आगाऊ रकमेएवढे पैसे निघाले नसतेच.

उज्ज्वलाने मनगट पुढे केलं आणि डोळे मिटले. व्हरांडा आला, डॉक्टर आले. पण त्यांच्यामागून मुकुंद आला, त्या दवाखान्यातल्या पातळ आमटीला ‘ही आमटी नाही, गरम पाण्याने डाळीचं नाव ऐकलंय’ म्हणणारा. तिने घाईने तिरडी आठवली. तिथेही तो आपला हसतोच आहे. दीड दिवस हाताळून हाताळून ते दुःख जुन्या नोटेसारखं मऊ पडलं होतं.

कडं थरथरलं. “हा दुसरा विसंवाद आहे. पुढील विसंवादानंतर आपलं खातं वारसाच्या संरक्षणात जाईल.”

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“रडवू का तुला?” रुक्साना कळवळून म्हणाली. “तुझ्या सासूबद्दल बोलू?”

“त्यांची आठवण आली की मला राग येतो. त्याचाही ठसा नाही,” उज्ज्वला म्हणाली आणि अंगणात जाऊन पायरीवर बसली. तिला रडू येत नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. दीड दिवसात आपण नवऱ्याला इतकं खर्चून टाकलं?

तेवढ्यात फोन वाजला. तन्मय.

*

“आई, तू ठीक आहेस ना?” त्याचा आवाज धास्तावलेला होता. मेलबर्नला संध्याकाळचे सात वाजून गेले असतील, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. “मला बँकेचा इशारा आलाय. तुला कुणी काही घ्यायला भाग पाडतंय का? फक्त हो किंवा नाही म्हण.”

“नाही रे. मी काचेच्या कार्यशाळेत आहे. बाबांचा हिरवा रंग सापडला.”

“मग ठोके असे का येताहेत? आई, तिसऱ्यांदा प्रयत्न करू नकोस. नाहीतर करच, खातं माझ्याकडे येऊ दे, मी सगळं बघतो. तुला कशाला हा ताप? तीन वर्षं सगळं व्यवस्थित चाललं होतं.”

“व्यवस्थित?”

“दर रविवारी मला अहवाल येतो ना. तुझ्या ठोक्यांचा. दर रविवारी हिरवी खूण. ‘स्थिर.’ मी ते बघितल्याशिवाय झोपत नाही. या रविवारपर्यंत एकदाही चुकलं नाही.”

आता उज्ज्वलाला कळलं, हा आठ-आठ, दहा-दहा दिवस फोन का करत नाही. फोनची गरजच नव्हती. कडं सांगत होतं, आई बरी आहे.

“तन्मय,” ती म्हणाली, “माझा ठसा कधी घेतला, आठवतं तुला?”

“तेव्हाच. मी होतो तेव्हा.”

“बाबांच्या बारा दिवसांत. त्याच्याशी जुळलं की तुला हिरवी खूण येते. तीन वर्षं तुला जी हिरवी खूण येत होती ना, ती मी अजून तशीच रडतेय म्हणून येत होती रे.”

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

“तू मला फसवलं नाहीस,” ती म्हणाली. “मीही फसवलं नाही. आपण दोघांनी एका यंत्रावर विसंबून एकमेकांना विचारायचं सोडलं, एवढंच झालं. आज मी हसले म्हणून ते थरथरलं. तुला इशारा आला तो माझ्या हसण्याचा.”

“आई,” तन्मय म्हणाला, आणि तो करमाळ्याच्या अंगणात गुडघा फुटून यायचा तेव्हाचा आवाज होता. “मी काय करू सांग.”

तिने सांगितलं. संमती, अकरा मिनिटं, जुना ठसा पुसून टाकायचा. सांगताना क्षणभर तिचा हात कड्यावर गेला. मग तिने तो काढून घेतला. जे दुःख आता आपण हाक मारूनही येत नाही, ते यंत्राने सांभाळून काय उपयोग?

“दिली,” तन्मय म्हणाला. “चालू झालंय. आई, आता फक्त नेहमीसारखी राहा.”

*

आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. नेहमीसारखी म्हणजे कशी, हेच उज्ज्वलाला आठवेना. फोनवर बोलून डोळे वाहत होते. अशा अवस्थेत ठसा बसला असता तर पुढची दहा वर्षं पैसे द्यायला रोज पोराशी असंच रडत बोलावं लागलं असतं.

ती आत आली. यानाबाई बाकावर बसून नव्या बांगड्या आपल्या मनगटाला लावून बघत होत्या. “चाळीस वर्षं केल्या,” त्या म्हणाल्या, “पण माझ्या हातात एकही जात नाही. तुमच्याकडच्या बायका एवढ्याशा बांगडीत हात घालतात कशा?”

“दाखवा,” उज्ज्वला म्हणाली.

तिने यानाबाईंचा हात हातात घेतला. भाजल्याचे डाग, राठ कातडी, सांधे जाडावलेले. तिचा अंगठा आपोआप त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी गेला आणि तिने हाडाचा अंदाज घेतला. “दोन-सहाचं माप,” ती म्हणाली. “पण त्याहून लहान, दोन-चारही बसेल. हात सैल सोडा. पाहुण्याघरी हात पुढे करतात तसा नको, झोपेत असतो तसा.”

“दुखेल?”

“माझ्या हातून भरलेली एकही बाई आई गं म्हणाली नाही. कुठलं गाव म्हणालात तुमच्या आईचं?”

हा कासाराचा जुना कावा. समोरचीला बोलतं करायचं, ती माहेरच्या गोष्टीत शिरली की हात आपोआप सैल पडतो. यानाबाई सांगू लागल्या, आईचं गाव नदीपलीकडे, घरात सहा भावंडं, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उज्ज्वलाने बोटं जुळवून, अंगठा आत दुमडून, बांगडी गाठीवरून हलकेच फिरवत मनगटात उतरवली होती. मग दुसरी. मग तिसरी. मुकुंद गेल्यापासून तिने दुकानात बांगड्या मोजल्या होत्या, विकल्या होत्या, पण दुसऱ्याचा हात असा हातात घेऊन रंगलेली ती आजच होती. ती फार खुशीत होती असं नाही, दुःखातही नव्हती. ती कामात होती. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी पहिल्यांदा गादीवर बसवलं त्या दिवसापासून तीस-पस्तीस वर्षं तिचं काळीज याच चालीने चाललं होतं.

रुक्साना भिंतीला टेकून उभी होती. तोंडावर हात धरून, श्वाससुद्धा बेताने घेत.

अकराव्या बांगडीला कडं एकदाच हळू थरथरलं. “नवा ठसा नोंदवला आहे. जुना ठसा काढून टाकला आहे.”

उज्ज्वलाने हातातली बांगडी आधी नीट चढवली. अर्धवट सोडायची नसते. मग उठली आणि यंत्रापुढे मनगट धरलं.

रुपये की कोरुना, यंत्राने विचारलं.

“इथल्या पैशात,” ती म्हणाली. मुकुंदच्या वहीतलं पहिल्या पानावरचं वाक्य होतं ते.

पैसे गेले. यानाबाई लगेच उठल्या, दोन्ही हातांत किणकिण करत भट्टीपाशी गेल्या आणि हिरवी कांडी त्यांनी आगीत धरली.

*

पहिला डझन निवला तेव्हा रुक्सानाने बाकावर हात थोपटला. “बस इथं.”

“मी?”

“कासाराला आपला हात आपल्याला भरता येत न्हाई. माहीताय ना?”

“रुक्साना, लोक काय...”

“लोक करमाळ्यात हायत. अन् त्यांच्या लेकींचा चुडा आता तुझ्याच हातून भरायचा, मी काय रोज रस्ता ओलांडणार न्हाई. गुडघं दुखतात माझं. हात सैल सोड. माहेर कुठलं म्हणालीस?”

“गप गं,” उज्ज्वला म्हणाली, पण तिने हात पुढे केला. रुक्सानाने आधी कडं काढून तिच्या उजव्या मनगटात घातलं, मग डाव्या हातात एकेक करून सहा हिरव्या बांगड्या चढवल्या. सहावी चढताना उज्ज्वला रडली. मनगटावरच्या कड्याने काही तक्रार केली नाही. एवढं रडणं नव्या ठशात बसत होतं.

परतीच्या बसमध्ये डोंगर मागे पडत होते आणि रुक्साना झुंबर विमानात कसं न्यायचं या काळजीत होती. फोन वाजला. तन्मय. तिकडे आता रात्र झाली असेल, झोपायच्या आधीचा वेळ.

“पैसे गेले ना?” उज्ज्वलाने विचारलं.

“गेले. त्यासाठी नाही केला,” तो म्हणाला. “तो रविवारचा अहवाल मी बंद करून टाकला. आई, कशी आहेस?”

बरी आहे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला हे विचारत होतं, आणि उत्तर तिचं तिलाच द्यायचं होतं.

“सांगते,” ती म्हणाली आणि खिडकीपाशी नीट सरकून बसली. “वेळ आहे ना तुला?”